बेबीनंदाबाईंची पाचवी

बेबीनंदाबाईंना राग यायला मोठं कारण लागायचं नाही. खडू ओला निघाला, हजेरी चालू असताना कुणी खिदळलं, सरपंच अप्पाराव नेहमीसारखं "बघू की बाई" म्हणाले, की बाईंच्या कपाळाची शीर उभी. पण १९८९ साली आलेला राग वेगळा होता. तो पुढं कितीतरी वर्षं उतरला नाही.

बाई जुन्या जालन्यातल्या. वडील रखमाजी आडतीवर पोती वाहायचे आणि घरी पाठ शेकता शेकता लेकीला बजावायचे, "तू शिकली न्हाईस तर ही पाठ फुकट गेली बघ." लेक शिकली, डी.एड. झाली आणि भोकरदन तालुक्यातल्या एका आडवस्तीवरच्या शाळेत येऊन पडली. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी पिंपळगाव रेणुकाई गाठायचं, तेही ओढा ओलांडून. पोरं जायची. पोरींना कोण धाडतंय? चौथी झाली की पोरगी कापूस वेचायला लागली. हे बघून बाईंचं पित्त खवळायचं. सहा वर्षं त्यांनी अर्ज केले, तालुक्याला खेटे घातले, तेव्हा कुठं एका वर्षापुरती पाचवी मिळाली. फेब्रुवारीत तालुक्याचे शिक्षणाचे साहेब येऊन वर्ग तपासणार, मुलं तयार असली तर वर्ग पुढं चालू, नाहीतर बंद. त्या वर्गात नऊ पोरी बसल्या.

शेजारच्या गावचे धर्मराज गुरुजी एकदा बाजारात भेटले. म्हणाले, "बाई, हे साहेब दुसरं काहीच विचारत न्हाईत. इंग्रजीतली वाकडी अनेकवचनं विचारतात. आमच्याकडं तेच विचारलं, धावड्याच्या शाळेत बी तेच."

झालं. बाई अनेकवचनांच्या मागं लागल्या. आता दिवाळीपर्यंत त्यांनीच घसा फोडून शिकवलं होतं, एकाचे अनेक करायचे तर शेवटी 'स' लावा. आणि आता म्हणायचं, इथं लावू नका! दात दाखवून झाले, पाय आपटून झाले. पोरी आपल्या 'टूथ्स' आणि 'फूट्स'वर ठाम.

"बाई, तुम्हीच तर सांगितलं व्हतं," कौसल्या म्हणाली. ही वस्तीवरच्या गोजरबाईची थोरली लेक, वर्गात सगळ्यात हुशार.

मेंढरांशी गाठ पडली तेव्हा तर कहर झाला. इंग्रजीत एक मेंढी तीही 'शीप' आणि शंभर मेंढ्या त्याही 'शीप'. मेंढपाळाची सोनू उठून उभी राहिली. "मंग एखादी हरवली तर कळंल कसं?"

"हरवू दे!" बाई ओरडल्या. मग स्वतःवरच चिडल्या. पोरीचं काय चुकलं होतं? असली भाषा कुणी काढली त्याला धरून आणायला पाहिजे होतं.

शेवटी बाईंनी हुकमी इलाज काढला. बारा शब्दांचा पाढा केला. शाळा सुटायच्या आधी ओळीत उभं राहून, बे एके बेच्या चालीवर, "मॅन मेन, फूट फीट, टूथ टीथ..." पंधरा दिवसांत पोरी झोपेतून उठवल्या तरी न अडखळता म्हणायला लागल्या. शेतात जाताना म्हणायच्या, पाणी शेंदताना म्हणायच्या. अप्पारावांनाही चार शब्द पाठ झाले. बाईंना वाटलं, गड जिंकला.

साहेब आले. चहा घेतला, गणितं पाहिली, वाचन ऐकलं, मान डोलावली. मग कौसल्येला उभं केलं. "गूज?"

'गूज गीस' पाढ्यात आठव्या नंबरावर. कौसल्येनं डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मनातल्या मनात पहिल्यापासून निघाली. बाईंना तिचे ओठ दिसत होते. तिसऱ्यावर आली, चौथ्यावर आली...

"बोल, बोल लवकर," साहेब म्हणाले.

पाढा मध्येच तुटला की काय होतं, हे पाढे घोकलेल्या माणसालाच कळतं. कौसल्या परत पहिल्यापासून निघाली. साहेबांनी सोनूला विचारलं. ती पण तशीच. तिसरी, चौथी, सगळ्या डोळे मिटून बोटं मोजत उभ्या.

"साहेब, पोरींना येतं," बाई म्हणाल्या. "एकदा सुरुवातीपासून म्हणू द्या."

"बोलताना कुणी सुरुवातीपासून म्हणतं का बाई? बरं, तुम्ही सांगा. माऊस?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्याही मनात 'मॅन मेन'पासून निघाल्या. माऊस अकरावा. पाठीमागं धरलेल्या हाताचा अंगठा पेरांवर सरकायला लागला होता. त्यांनाही जालन्याला असंच शिकवलं होतं, आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कुठल्या वाटेनं उत्तरापर्यंत जाता येतं, हे त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं. उत्तर आलं, बरोबर आलं, पण तोवर साहेबांनी त्यांच्या ओठांकडं पाहिलं होतं. ते काही वाईट बोलले नाहीत. खाली मान घालून लिहीत राहिले. माणूस चुकीचं काही म्हणाला नव्हता, याचाच बाईंना जास्त संताप आला.

मे महिन्यात वर्ग बंद झाल्याचा कागद आला.

जूनमध्ये गोजरबाई शाळेत आली. मागं कौसल्या, हातात खुरपं. बाईंनी मनाची तयारी केली होती. बाई, तुमच्यामुळं पोरीचं नुकसान झालं, असं ही बया तोंडावर म्हणणार, आणि म्हणावंच.

गोजरबाईनं पदरातून वाळवलेल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. "लई उपकार झाले बाई. आमच्यात कुणी पोरगी पाचवी केल्ती का? एक साल जादा शिकली, तेवढं बास झालं. चल गं, पाया पड बाईच्या."

कौसल्या वाकली. बाईंनी तिला वरच्यावर धरलं, आणि "पाया नको पडू, भांड माझ्याशी!" असं काहीसं त्या ओरडल्या. गोजरबाई घाबरून दोन पावलं मागं सरली. पोरीला मात्र बाईंचं ओरडणं सवयीचं होतं. तिनं खुरपं खाली ठेवलं, पाया पडली आणि खुरपं उचलून आईच्या मागं चालती झाली.