मामींची नखं

माझ्या सासूबाईंच्या उजव्या हाताच्या नखांइतकी चर्चा अख्ख्या दौंड तालुक्यात दुसऱ्या कुठल्याच विषयाची झाली नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारखान्याची निवडणूक लागली की ती थोडी मागे पडते, पण गुलाल खाली बसला की वरवंडच्या बायका पुन्हा नखांवर येतात. डाव्या हाताची नखं पार मुळापर्यंत कापलेली आणि उजव्या हाताची, करंगळी सोडून, वाढवून, घासून इतकी गुळगुळीत केलेली की काचेच्या पेल्याची कड वाटावी. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, साठीला टेकलेलं वय आणि हाताला ही असली नखं! नवखा माणूस एकदा डाव्या हाताकडे बघतो, एकदा उजव्या हाताकडे बघतो आणि काहीतरी नवस असेल अशी स्वतःची समजूत काढून चहा पितो. नवस नाही. माझ्या सासूबाई क्लासिकल गिटार वाजवतात.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गॅदरिंगमधला केस वाढवलेला पोरगा उभा राहतो. मामींची गिटार ती नव्हे. हिच्या तारा नायलॉनच्या, त्या प्लॅस्टिकच्या चकतीने खाजवायच्या नाहीत, नखांनी छेडायच्या. हिच्यासोबत कुणी गायचं नाही आणि हिचा आवाज एवढा हळू की शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर अख्खी ओळ वाहून जाते. ही विद्या मामींच्या घरात आली ती एका भाडेकरूमुळे. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कामाला लागलेला गोव्याचा एक इंजिनिअर त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आला. अबोल, सरळ मुलगा. मामी एकदा गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या, तर त्याच्या खोलीतून वाजवण्याचा आवाज येत होता. एक जण खाली ठेका धरतोय आणि दुसरा वर गाणं वाजवतोय असं त्यांना वाटलं. भाडं एकाचं ठरलंय आणि इथे दोघं राहतायत की काय, अशा संशयाने त्यांनी दार ढकललं, तर आत तो एकटाच. मामी पापड विसरून दारात उभ्या राहिल्या. मला हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत अजून नवल असतं. "आपल्याकडं एक जन गातो आन् बाकीचे टाळ कुटत्यात," त्या म्हणतात. "ह्यो एकटाच दोघांचं वाजवीत हुता. म्हनलं, एकट्याला बी एवढं करता येतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी भरल्या वांग्याचा डबा घेऊन त्या वर गेल्या आणि मला हे शिकव म्हणाल्या. पोटच्या पोरापेक्षा लहान असलेल्या त्या मुलाला त्या त्याच दिवसापासून मास्तर म्हणायला लागल्या. तो त्यांना मावशी म्हणायचा. त्याने आधी चेष्टा समजून हसण्यावारी नेलं असावं, पण मामींनी आयुष्यात कधी कुणाची चेष्टा केलेली नाही, हे त्याला लवकरच कळलं. त्याने पुण्याहून एक गिटार आणून दिली. वाजवताना डावा पाय उंचावर ठेवायला मामांनी डाळिंबाचं लाकडी खोकं कापून चौरंगासारखं करून दिलं, तेही बायकोला पाय शेकायला पाहिजे असेल अशा समजुतीने.

मामींच्या शिकण्याच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. परदेशी रचनांची नावं काही त्यांच्या जिभेवर चढेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं नव्याने केलं. एक 'पळापळीचं', एक 'रडकं', एक 'सुनेचं', कारण त्यात वरचा आणि खालचा सूर एकमेकांना सारखे टोमणे मारतात. आणि त्यांचं सगळ्यात लाडकं ते 'दुपारचं'. समदी जेवून आडवी झाली आणि घर गप झालं की जसं वाटतं तसं ते वाजतं, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी तीच नावं आपल्या वहीत लिहून टाकली. ताल पक्का व्हावा म्हणून मामी दिवसभर मनात एक-दोन-तीन मोजायच्या आणि मोजता मोजता आमटी वाढायच्या, त्यामुळे पंगतीत प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या ताटात एक पळी जास्त पडायची. पुढे मास्तरांची बदली रांजणगावच्या बाजूला झाली आणि ते शिरूरला राहायला गेले, तेव्हा मामींनी दर रविवारी चौफुल्यावरून शिरूरची एसटी धरायला सुरुवात केली. गिटार तिच्या लांब पेटीत, मांडीवर आडवी. एकदा कंडक्टर म्हणाला, मावशी, ह्याचं हाफ तिकीट काढावं लागंल. मामींनी तितक्याच शांतपणे विचारलं, "पाच वर्साच्या आतल्याला कवापासनं लागाय लागलं?" आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. केडगावला चढलेल्या एका म्हाताऱ्याने वीणा समजून त्या पेटीला नमस्कार केल्याचंही त्या अभिमानाने सांगतात.

खरी अडचण झाली ती भाकरीची. नखं वाढवलेल्या हाताने भाकरी थापली की तिच्यावर चंद्रकोरी उमटायच्या आणि पीठ नखांत जाऊन बसायचं. डाव्या हाताने थापायची म्हणजे घरात महाभारत. काही दिवस शेजारच्या बाईने भाकरी करून दिल्या, मग तिची सून बाळंत झाली. तेव्हा मामांनी जे केलं ते वरवंडच्या इतिहासात कुणी केलं नसेल. मामा म्हणजे गावच्या सोसायटीचे एकेकाळचे चेअरमन, कडक इस्त्रीची टोपी, झुपकेदार मिश्या, आणि पाण्याचा तांब्याही मागितल्याशिवाय न उचलणारे. त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं आणि परात पुढे ओढली. बरेच दिवस कुणाला पत्ता नव्हता. मग कामासाठी आलेल्या एकाला त्यांच्या मिशीला पीठ दिसलं. मामा म्हणाले, गिरणीत गेलो हुतो. पण गिरणी त्या दिवशी बंद होती, आणि कामासाठी आलेला तो माणूस गिरणीवालाच होता.

इतकं सगळं झाल्यावर मामींना एकदा लोकांपुढे वाजवावंसं वाटणं साहजिक होतं. संक्रांतीला बचतगटाचं हळदीकुंकू होतं. मंडप, खुर्च्या, मोठे स्पीकर. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मामींचं नाव असं काही घोषित केलं की जणू ऑर्केस्ट्राच आलाय. मी आणि माझी बायको हडपसरहून मुद्दाम गेलो होतो. मामी खोक्यावर पाय ठेवून बसल्या, समोर माइक ठेवला, आणि त्यांनी 'दुपारचं' वाजवायला घेतलं. मागे जनरेटर धडधडत होता, वाण वाटणाऱ्या बायकांची लगबग चालली होती, एकीकडे उखाण्यांची तयारी सुरू होती. मामींनी शेवटपर्यंत वाजवलं, एकही चूक न करता. संपल्यावर त्यांनी मान वर केली. पुढच्या रांगेतली एक बाई अगदी आपुलकीने म्हणाली, "काकू, तारा जुळवून झाल्या असतील तर आता वाजवा की."

मामी हसल्या. सगळ्यांबरोबर हसल्या, तिळगूळ वाटला, प्रत्येकीला कुंकू लावलं. घरी येऊन त्यांनी गिटार कपाटावर ठेवली, नेलकटर घेतलं आणि ओसरीवर बसून उजव्या हाताची सगळी नखं कापून टाकली. माझी बायको त्यांना काही समजावायला गेली, तर त्यांनी तिलाच ऊन लागतंय म्हणून आत पाठवलं. संध्याकाळी परातीपुढे मामी बसल्या. भाकरी गोल, पातळ, टम्म फुगलेली, जशी आधी वर्षानुवर्षं होत होती तशी. मामांच्या ताटात ती पडली. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली, मग मामींच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, सुटलो म्हणतील. मामांनी भाकरी परत ताटात ठेवली.

मग म्हणाले, "नखं कापली व्हय? मला आत्ता कुठं भाकरी जमाय लागली हुती."

मामींनी तोंड चुलीकडे फिरवलं. मामांनी भाकरी सगळी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी मामी उठायच्या आत ते परात घेऊन बसलेले होते. दार उघडं ठेवून. दूध घालायला निघालेल्यांनी बघितलं, बघू दे. नखं कापता येतात एका घटकेत, वाढायला मात्र आपला वेळ ती घेतातच. तोवर मामी बोटांच्या टोकांनी वाजवत राहिल्या.

उन्हाळ्यात मास्तरांनी आपल्या शिष्यांचा एक लहानसा कार्यक्रम शिरूरला ठेवला. एका शाळेचा हॉल, पंखे बंद ठेवायचे, माइक नाही. मावशींनी यायचंच, असा त्यांचा निरोप आला. मामी महिनाभर तयारीत होत्या, आणि आदल्या दिवशी सकाळी कुकरचं झाकण काढताना मधल्या बोटाचं नख कटकन मोडलं. आम्ही पोहोचलो तेव्हा घरात सुतक असल्यासारखं होतं. मामींनी मास्तरांना फोन लावला, तर ते शांतपणे म्हणाले की टेबल टेनिसचा चेंडू आणा, नखाच्या आकाराचा तुकडा कापा आणि चिकटवा, मोठमोठे वादकसुद्धा हेच करतात.

वरवंडमध्ये रबरी चेंडू मिळाले, प्लॅस्टिकचे मिळाले, क्रिकेटचे तर पोत्याने मिळाले. टेबल टेनिसचा मिळेना. मामांनी मोटारसायकल काढली आणि तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांना फोन लावले. इतक्या वर्षांनी चेअरमनचा फोन आला म्हणून प्रत्येकाने आधी आपला पाठिंबा जाहीर केला, मग चेंडूचं ऐकून फोन ठेवला. एक माजी सभापती म्हणाले, टेबल टेनिसच्या हॉलला निधी मिळवून देतो, पण चेंडू लगेच जमणार नाही. शेवटी भांडगावच्या एका शाळेच्या खेळाच्या शिक्षकांनी सुट्टीत कपाट उघडून एक चेंडू दिला, तोही थोडा चेपलेला. मामांनी डाळिंबाच्या छाटणीच्या कात्रीने तो कापला. चष्मा लावून, मामींचं बोट आपल्या हातात धरून त्यांनी तुकडा चिकटवला आणि वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसले. मामींचा हात मामांच्या हातात मी त्याआधी कधी पाहिलेला नव्हता. माझ्या बायकोनेही नव्हता. आम्ही दोघं उगाचच गोठ्याकडे चक्कर मारून आलो.

शिरूरच्या त्या हॉलमध्ये मुलांचे आईबाप, मास्तरांच्या कंपनीतले काही जण, अशी थोडी माणसं होती. शाळकरी मुलं वाजवून गेली आणि मामींचं नाव पुकारलं. त्यांनी पदर खोचला, देवळात करतात तसा सगळ्यांना नमस्कार केला आणि 'दुपारचं' सुरू केलं. मी ते घरी कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण इतक्या शांततेत कधीच नाही. खालचे जाड सूर सावकाश चालत होते आणि वरचा सूर त्यांच्यावर अलगद पाय ठेवत जात होता. मामा पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. आणि अर्ध्यात मामींचा हात थांबला. एक सूर पुन्हा वाजला, त्याच्या पुढचा येईना. त्यांनी परत मागून धरलं, पुन्हा तिथेच अडलं. माझ्या बायकोने माझा दंड धरला. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, ते जागचे हलले नाहीत.

मामींनी तारांवर हात ठेवला, मान वर केली आणि घरात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "थांबा हां, चुकलं. पहिल्यापासनं वाजवते."

कुणी हसलं नाही. कुणी खुर्ची सरकवली नाही. मामींनी बोटं झटकली, श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती अवघड जागा आली, गेली, आणि त्या पुढे निघाल्या. शेवटचा सूर पार विरून जाईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही. हॉल तसाच बसून होता. मामा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, झालं का, टाळी वाजवायची का. मी हो म्हणायच्या आत लोकांनी सुरुवात केली होती.

परतताना माझ्या गाडीने न्हावरं मागे टाकलं. वरवंडच्या घरात मामी नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत उभ्या राहिलेल्या आहेत, आणि सगळ्यांत शेवटी, उरेल ते घेऊन बसलेल्या आहेत, हे मी लग्नानंतर स्वतः पाहिलेलं. पारगावचा पूल आला तेव्हा त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "जावईबापू, मी थांबले तर समदी थांबली की वो." मी आरशात पाहिलं. त्या नदीकडे बघत होत्या आणि मामा झोपल्याचं सोंग घेऊन बसले होते.

आता मास्तर नोकरीसाठी गुजरातला गेलेत. शिकवणी मोबाइलवर चालते, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो आणि रेंज गेली की मामी गिटारसकट गच्चीवर जातात. थंडीत त्यांची बोटं दुखतात, सकाळी मूठ पूर्ण मिटत नाही, तरी मास्तरांकडून त्यांनी एक नवं, लांबलचक मागून घेतलंय. ते नीट बसायला दोन वर्षं तरी लागतील असं मास्तर म्हणालेत. मी भीत भीत विचारलं, मामी, एवढं लांबचं कशाला घेतलं. त्या म्हणाल्या, "दीड वर्साचा आडसाली ऊस लावताना कुनी इचारतं का, तोडीला आपुन असू का न्हाई?"

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. माझ्या बायकोने स्पीकर लावून मोबाइल ओट्यावर ठेवला, गॅस बंद केला आणि मीही टीव्ही बंद करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो. पलीकडून जेमतेम चार ओळी आल्या. सावकाश, एकेका सुराला जपत, एके ठिकाणी जरा अडखळत. मग नुसता गच्चीवरचा वारा ऐकू यायला लागला.

"एवढंच येतंय आजून," मामी म्हणाल्या.