तोफखान्याने पेटी आणली

आमच्या समोरचे हेमेंद्रभावजी जयेंद्रगंजात चष्म्याचं दुकान चालवतात, आणि इतक्या हळू बोलतात की गिऱ्हाइकाला आधी कानाचा डॉक्टर गाठावासा वाटतो. वय सत्तेचाळीस. आमचं शहर म्हणजे शिंद्यांची जुनी राजधानी, आणि भावजींचे पणजोबा त्यांच्याच फौजेत होते म्हणे; त्या फौजेतून भावजींच्या वाट्याला फक्त मिशा आल्या. यशश्रीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाजीत दोनदा मीठ घातलं तरी हा माणूस "ठीक है" म्हणून पाणी पिऊन उठतो.

असा माणूस महिन्यातून एकदा गळ्याच्या शिरा फुगवून ओरडायचा, हे सांगून कुणाला पटायचं नाही. आम्ही ऐकलंय. शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या चार पोरांनी अकरा वर्षांपूर्वी 'तोफखाना' नावाचा रॉक बँड काढला. दोन गिटार, ड्रम्स, आणि गातो की भांडतो ते कळू नये असा शंतनु. शेवटच्या गाण्याआधी शंतनु हात वर करून थांबायचा. तिसऱ्या रांगेतून भावजी उभे राहून ओरडायचे, "बत्ती!" आणि तोफ डागल्यासारखे ड्रम्स सुटायचे. ती हाक आल्याशिवाय शंतनुचा हात खाली येत नसे.

वडील गेले त्या वर्षी भावजी तीन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. रडलेही नाहीत. यशश्रीनेच त्यांना ओढत कार्यक्रमाला नेलं. तिथे "बत्ती!" म्हणून जो आवाज निघाला तो थांबेचना, आणि परत येताना जिन्यात बसून हा माणूस ढसाढसा रडला. तेव्हापासून यशश्री बँडला नावं ठेवत नाही.

लीलाताई ठेवायच्या. मराठी समाजाच्या हॉलच्या त्या अध्यक्षा. अकरा वर्षं कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "ही काय माणसं आहेत की बुलडोझर?" चाहत्यांना तीच पावती वाटायची.

आणि यंदा शंतनुने नवं गाणं फोनवर सोडलं. ड्रम्स नाहीत. गिटार एकच, तीही दबकी. आणि चक्क पेटी! लीलाताईंनी ते गाणं समाजाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "आता कसं कानाला बरं वाटतं." ते वाचून भावजींनी दुकानात एका बाईंना जवळचं वाचायचा चष्मा स्कूटरसाठी दिला. बाई हजीऱ्याच्या चौकापर्यंत गेल्या आणि तिथून रिक्षाने परत आल्या.

चाहत्यांचा 'गोलंदाज', म्हणजे तोफा डागणारे, या नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, प्रमुख भावजीच. तिथे आग लागली. सगळ्यांत जास्त तापला उत्कर्ष, कोचिंगमध्ये गणित शिकवतो तो. घरीच येऊन धडकला.

"काका, ये धोखा है. सीधा धोखा. रविवारच्या कार्यक्रमात तो हात वर करेल ना, तेव्हा आपण उठायचं, पाठ फिरवायची आणि बाहेर. आपल्या मागून आम्ही सगळे."

"मीच का?"

"तो आपल्याकडेच बघतो. आणि आपण नाही उठलात, तर समझ लेंगे की काका पण लीलाताईंच्या रांगेत बसले."

भावजी म्हणाले, "ठीक है."

यशश्रीने गॅलरीतून मला सगळं सांगितलं. "चार दिवस तेच गाणं लावतायत, अर्ध्यात बंद करतायत. म्हटलं, आवडत नाही तर ऐकता कशाला? तर म्हणे, शंतनु यात कुठेतरी असेल ना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हा बँड पण सुटला तर हे ओरडणार कुठे गं? माझ्यावर तर ओरडत नाहीत."

"शिकव," मी म्हटलं. ती हसली नाही. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

रविवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. मागच्या पाच रांगा काळ्या टी-शर्टांच्या. टाळी नाही, शिट्टी नाही. नुसते बसलेले. लीलाताई पहिल्यांदाच कापसाविना, प्रसन्न. स्टेजवर पेटी ठेवलेली. जुनी गाणीही शंतनुने हळू करून गायली आणि दर गाण्यानंतर हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

मग तो पेटीमागे उभा राहिला. नवं गाणं. सवयीने त्याचा हात वर गेला आणि नजर तिसऱ्या रांगेकडे.

भावजी उठले. मागे पाच रांगांत खुर्च्या करकरल्या.

पण भावजी वळेनात. ओरडेनातही. यशश्रीने सदऱ्याचं टोक धरलं. शंतनुचा हात वरच.

"काका, चलो," उत्कर्ष मागून दबक्या आवाजात म्हणाला.

"शंतनु," भावजी म्हणाले. दुकानातल्या आवाजात नाही. शेवटच्या रांगेपर्यंत गेला तो आवाज. "मी हे गाणं शंभरदा ऐकलं. मला नाही आवडलं."

शंतनुचा चेहरा उतरला, मग लाल झाला. माइकवरच म्हणाला, "मग जा, दादा. दार उघडं आहे. मला रोज तेच ओरडायचं नाहीये आता."

"नको ओरडूस. पण मी जाणार नाही. पूर्ण ऐकीन. बत्ती मात्र देणार नाही. मनात नसताना दिली तर आजवरच्या सगळ्याच खोट्या ठरतील."

आणि खाली बसले.

उत्कर्ष उठला. "बहुत बढ़िया, काका," म्हणाला आणि निघाला. त्याच्यामागे चार रांगा रिकाम्या झाल्या. पाचवी अर्धी उठली, अर्धी घुटमळून बसली. भावजींच्या वरच्या खिशातून डोकावणारा फोन थरथरला. त्यांनी बघितला नाही. मी शेजारून बघितला, कारण कुणीतरी बघायला हवंच होतं. 'गोलंदाज'चं प्रमुखपद गेलं होतं.

शंतनुचा हात हवेतच अवघडला होता. हाक येणार नव्हती. शेवटी त्याने तो स्वतःच खाली आणला, पेटीवर ठेवला आणि गायला लागला. पहिली ओळ फसली. थांबला, घसा साफ केला, पुन्हा सुरू केलं. भावजी चेहरा दगडासारखा करून शेवटच्या सुरापर्यंत बसले. टाळ्या लीलाताईंनी वाजवल्या, जोरात.

कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या पायरीवर शंतनुने त्यांना गाठलं. मी खांबाआड चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

"सगळ्यांसमोर, दादा?"

"तू विचारलंस सगळ्यांसमोर. हात वर करून."

"काहीच नाही आवडलं?"

"दुसऱ्या कडव्यात घाबरतोस. पेटीमागे लपतोस. हळूच म्हणायचं तर म्हण, पण लपून कशाला?"

"लपत नाही मी!"

"लपतोस!" भावजी ओरडले. पानवाल्याने मान बाहेर काढली. यशश्रीने माझा दंड घट्ट पकडला.

 शंतनु पायरीवर बसला आणि म्हणाला, "बरं. मग कसं म्हणू ते सांगा."

"मला काय गाता येतं?" भावजी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसले. "तू म्हण. लपलास की सांगतो."