मीनाक्षीच्या पत्रातली चौकट

रविवार, ४ ऑगस्ट २०२४. उपासना साडेआठला. हजेरी एकसष्ट. पेटी वाजवणारे आले नाहीत, गीते तशीच गायली. मीनाक्षीचे पत्र वाचले, पूर्ण. रखमाबाई रडल्या. दुपारी जेवले नाही.

डायरीतल्या या नोंदीत ‘पूर्ण’ या शब्दाखाली मी रेघ मारली आहे. ती का, हे सांगायचं तर आधी मीनाक्षी सांगायला हवी.

मीनाक्षी माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन नायगावच्या चाळीत आले, त्यानंतर तीन वर्षांनी जन्मलेली. सासूबाईंना उशिराचं बाळंतपण जड गेलं, म्हणून पोर माझ्याच हाताखाली वाढली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, शाळेत शिकवणारी. तिला मराठी मीच गिरवायला लावलं, इंग्रजीही मीच शिकवलं. अक्षर मात्र सुधारलं नाही. आजही ते माझ्याशिवाय कुणाला लागत नाही.

माझ्या विसाव्या वर्षी परदेशातल्या मिशनच्या शाळेसाठी माझी निवड झाली होती. वडिलांनी लग्न ठरवलं आणि अर्ज मागे घेतला. पुढे २००९ साली मीनाक्षी आणि तिचे यजमान, पाळक आनंदा ओहोळ, दोघं आफ्रिकेत मलावीला सेवेसाठी निघाली. निरोपाच्या उपासनेत मी सर्वांत मोठ्याने गायले. माझ्या तोंडाकडे कुणी पाहू नये म्हणून.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भोईवाड्याजवळच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिचं पत्र वाचलं जातं. ती हाताने लिहिते, फोनवर फोटो पाठवते, मी ते उतरवून घेते आणि मंडळीसमोर उभी राहते. माझे यजमान वारल्यापासून महिन्यातली ती दहा मिनिटंच माझी. लोक माझ्याकडे बघत असतात. ऐकत असतात तिला.

दोन-तीन खेड्यांत सायकलने फिरून आनंदा उपासना घेतो. मीनाक्षी बायकांना शिवण शिकवते, मुलांचे वर्ग घेते, आल्यागेल्याला मक्याच्या पिठाची उकड वाढते. स्वतःच्या दोन मुलांचा अभ्यास कंदिलाखाली. महिला मंडळाने तिचा फोटो दाराजवळ लावला आहे. मी चाळीस वर्षं संडे स्कूल घेतली. माझा फोटो सहलीच्या गर्दीत एकदा आला होता, तोही अर्धा.

आमच्यात एक रीत होती. घरचं काही लिहायचं असेल तर ती त्याभोवती चौकट आखायची. ‘चौकटीतलं तुझं, वहिनी. बाहेरचं मंडळीचं.’ आनंदाची मूळव्याध, मुलांचे मार्क, नवराबायकोची भांडणं, सगळं चौकटीत.

ऑगस्टच्या पत्रात एक परिच्छेद घरचा होता, पण त्याला चौकट नव्हती. शनिवारी उतरवतानाच माझ्या लक्षात आलं की ती घाईत राहून गेली आहे. विचारायला एक मेसेज पुरला असता. फोन हातात होता. विचारलं नाही. निदान तो परिच्छेद गाळीन, असं ठरवून रविवारी निघाले.

देवळाच्या पायरीवर रखमाबाई भेटल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, जिभेला हाड नाही.

“आणलंत का पत्र, बाई? काय ती पोर! नाहीतर आपण, पंख्याखाली बसून आमेन म्हणायचं.”

“तुम्ही म्हणता तरी कुठे? झोपता,” मी म्हटलं.

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. पत्र वाचताना त्या परिच्छेदापाशी आले आणि थांबले नाही.

“पाऊस झाला नाही. मका उभा वाळला. पीठ आठवड्याचं उरलं आहे. दुपारी आनंदा बाहेर गेला की मी दाराला कडी लावते आणि मुलांना वाढते, स्वतःही खाते. बाहेर मंडळीतल्या बायका हाक मारतात. आम्ही तिघं चावायचं थांबतो. त्या गेल्या की पुन्हा जेवतो. मग संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसते.”

वाचून मी मान वर केली. चेहरे उतरलेले मला बघायचे होते. खोटं कशाला लिहू?

रखमाबाई उभ्या राहिल्या. “गिरणीच्या संपात मी हेच केलं. शेजारणीची पोरं दारात, आणि मी आतून कडी लावून भाकरी थापली. आवाज नको म्हणून परातीखाली फडकं घातलं. आजवर कुणाला बोलले नाही. या पोरीने तिथून सांगितलं, मला इथून सांगायला काय झालं?” आणि त्या रडू लागल्या. मग आणखी दोघी उठल्या. पाळकसाहेबांनी संदेश बाजूला ठेवून सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितलं. मीनाक्षीचं नाव इतक्या मायेने त्या देवळात कधीच घेतलं गेलं नव्हतं. ते मीच मिळवून दिलं होतं तिला.

मंगळवारी तिचा फोन आला. “वहिनी, तू ते वाचलंस?”

“चौकट नव्हती.”

“तुला कळलं नाही?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रखमाबाईंच्या नातीने, प्रितीने, आनंदाला मेसेज केला. मावशींचं पत्र ऐकून आम्ही सगळे रडलो म्हणून. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता तो दार सताड उघडं ठेवतो आणि ताटावर बसत नाही.”

“इथे तर सगळ्यांना तू जास्तच आवडलीस,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच कडू लागला.

“मी ते सगळ्यांना लिहिलं नव्हतं.”

“मला तुझा हेवा वाटतो, मीनाक्षी. तू गेलीस तेव्हापासून.”

“माहीत आहे. म्हणून तर तुला लिहायचे. बाकीच्यांनी मला डोक्यावर घेतलंय, त्यांना काय सांगणार? तू एकटी मला मीनाक्षी समजत होतीस.”

माफ कर, असं मी म्हटलं. ती “हं” म्हणाली. मग मुलगी हाक मारतेय म्हणून तिने फोन ठेवला.

सप्टेंबरचं पत्र माझ्याकडे आलं नाही. तिने ते टाइप करून प्रितीच्या फोनवर पाठवलं. प्रितीने ते भरभर वाचलं, दोन ठिकाणी अडखळली, तरी सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. मी चौथ्या बाकावर होते. पत्रात शिवणवर्ग होता, नवी विहीर होती. घरातलं काही नव्हतं. आनंदा जेवतो का, ते मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क माझा राहिला नव्हता. प्रितीचाही हेवा वाटला, हेही लिहून ठेवते.

रविवार, १ सप्टेंबर २०२४. हजेरी अठ्ठावन्न. पत्रवाचन प्रितीने केले. संध्याकाळी पाणी सव्वासहाला आले, एक पिंप आणि दोन कळश्या भरल्या.