झोपणाऱ्या पोरीची मॅडम

आमच्या भाडेकरू मॅडमइतकी नापास पोरांवर लट्टू होणारी बाई धानोरा तालुक्यात दुसरी झाली नाही, होणारही नाही. पहिल्या नंबरचं पोर समोर आलं की नुसतं "छान" म्हणून पुढे जायची. कोरा पेपर हाती लागला की सण असल्यासारखी घरभर फिरायची. चुलीवर भाजी करपायची, चपला उलट्या पायांत जायच्या आणि वर मलाच विचारायची, "आजी, यानं कोरा काऊन देला असंन?" मी म्हणायची, "येत नसंन म्हणून." मी चौथी शिकलेली, दिसतं तेवढं बोलते. तिला ते कधीच पटलं नाही.

सातवीत एक पोरगी होती, गावाच्या टोकाच्या गोंड घरची. वर्गात सारखी झोपायची, म्हणून सगळे तिला मठ्ठ म्हणत. यंदा नापास झाली की शाळा बंद, असं बापानं ठरवलं होतं. मॅडम समजवायला गेली तर तो म्हणाला, "मॅडम, झोपाले घर आहे ना. शाळेत काऊन पाठवू?"

मोहफुलं वेचायचे दिवस होते. एका पहाटे मॅडम पोरीच्या मागे जंगलात गेली, मलाही ओढून नेलं. झाडाखाली दोन बायका फुलांच्या एका ढिगावरून भांडत होत्या. वेचता वेचता, मान वर न करता पोरगी म्हणाली, "काकी, तू दोन वाटे कर. मामी पहिले उचलन." भांडण तिथेच थांबलं. मॅडमनं टाळ्या वाजवल्या आणि घसरून त्याच ढिगात बसली.

"आजी, हे मठ्ठ नाई! हे तर अंधारापासून जागी आहे!"

"साऱ्या गावाले माहीत आहे ते. तुलेच नव्हतं."

परीक्षेच्या दिवशी तिनं पोरीला वर्गातच सतरंजीवर आधी झोपवलं. नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले.

"हे काय चाललंय?"

"सर, परीक्षेची तयारी करून राह्यली."

साहेबांचा आवाज चढला, तर मॅडमनं ओठांवर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं. मग पोरीला उठवून पेपर दिला. पोरगी पास झाली, चांगली पास झाली. बाप दारात आला, "आठवीले धानोऱ्याले पाठवतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्याच उन्हाळ्यात मॅडमची सिरोंच्याला बदली झाली. पोरगी आता जीपनं शाळेत जाते. रविवारी माझ्याकडे येते, बंद खोलीकडे बघत बसते.

"आजी, खोली दुसऱ्याले देऊ नका जी."

विचारायला लोक येतात. मनासारखा भाडेकरू मिळत नाही, असं मी सांगते.