गोजराबाईंचं उलटं माहेर

साठ वर्षांत गोजराबाईंनी रांगोळीखेरीज काही काढलं नव्हतं. कोपरखैरण्याच्या त्यांच्या सोसायटीत संध्या मॅडमनी छापचित्रांचा वर्ग काढला, तेव्हा सून नमिताने सासूचं नाव परस्पर घालून टाकलं.

"आपलं घर आठवा," मॅडम म्हणाल्या. "पण नुसत्या रेषा, चौकोन, त्रिकोण."

गोजराबाईंना तळवलीचं माहेर आठवलं. तिथे आता सात मजली इमारत आहे, तळाला जिम. त्यांनी लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, तुकड्यावर मिठागराचे चौकोन कोरले, खाडीचा बांध, मिठाची त्रिकोणी रास, बांधाशेजारी घर. शाई फिरवली, कागद दाबला, झालं.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. एक दाढीवाले गृहस्थ चित्रापुढे थबकले. "या काळ्या चौकोनात केवढा एकाकीपणा आहे!"

"एकाकी कसला? अकरा कोंबड्या होत्या त्यात," गोजराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ देवजी आले. चित्र बघितलं आणि त्यांचा चेहरा लग्नाच्या पंगतीत मटण संपल्यासारखा झाला.

"गोजरे, घर बांधाच्या उजवीकडं हाय आपलं! तू डावीकडं काढलंस. तिथं खाडी हाय!"

"दादा, छापताना उलटं पडतं. माझ्या ध्यानातच नाय राहिलं."

"उलटं-सुलटं मला नको शिकवू. घर सरकलं म्हनजे हद्द सरकली. हिस्सा पायजे तर तोंडानं सांग!"

गोजराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. त्यांनी फ्रेम उतरवली, तरातरा पार्किंगमध्ये गेल्या आणि नमिताच्या स्कूटरच्या आरशासमोर धरली. मागोमाग आलेले देवजी वाकून आरशात बघत राहिले.

"हां... आता बरोबर." आवाज उतरला होता. "चुकलो गोजरे. हा ठिपका कोन?"

"तू. शाळा बुडवून मिठाच्या राशीमागं लपलेला."

"त्या दिवशी बाबानं काय धुतला मला!" देवजी हसले. "चुगली माझ्या दोस्तानं, नामदेवनं केली व्हती."

गोजराबाई पदराशी चाळा करू लागल्या. "नामदेवनं नाय. मी."

देवजींनी आ वासला. "अगं, पन्नास वर्षं मी त्याच्याशी बोललो नाय! पोराच्या लग्नाला बोलावलं नाय!"

"मग मी काय करू? तू कधी विचारलंसच नाय."

त्याच संध्याकाळी देवजी नमिताच्या स्कूटरवर बहिणीला मागे बसवून बोनकोड्याला नामदेवकडे गेले. नामदेवने दार उघडलं, दोघांना आत घेतलं, पण दुसरा चहा होईपर्यंत देवजींकडे पाहिलं नाही.