कमल नाजूक नव्हती

माझी पत्नी कमल गेली, त्याला काही आठवडे झाले. जलदानविधीला आलेले सगळे एकच म्हणत होते, "वहिनी पहिल्यापासूनच नाजूक." मी मान हलवत होतो. शेजारी बसलेला तिचा सांगवीचा भाऊ हळूच म्हणाला, "दाजी, आमची ताई नाजूक हुती व्हय?" त्याला द्यायचं उत्तर इथं लिहितो.

नाजूक नव्हती. वालचंदनगरला आमची क्वार्टर वरच्या मजल्यावर. भरलेला सिलिंडर ती एकटी वर न्यायची आणि मदतीला धावलेल्या माझ्या मित्रांना म्हणायची, "सरका भावजी, कमरंत चमक भरंल." नव्वदच्या दशकात माझ्या आईला विसर पडू लागला. दिवसभर ती पेंगायची आणि रात्र झाली की पिशवी भरून माहेरी, कळंबच्या गाडीसाठी निघायची. एकदा कालव्याच्या काठावर सापडली. तेव्हापासून कमलनं परकराची नाडी घेऊन एक टोक आईच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या. आई उठली की हिला हिसका बसायचा. "आत्या, गाडी गेली. आता उद्याची." "तुज्यामुळंच चुकली, भवाने!" सकाळी हे सांगताना कमल हसायची, मीही हसायचो. मला पहाटे कामावर जायचं असायचं, म्हणून मी आतल्या खोलीत निवांत झोपलेला असायचो.

पुढं तिला सर्दी-ताप सोडेना. तोंड सारखं आलेलं. नाडीनं मनगटावर पडलेली जखम भरल्यासारखी वाटायची, की पुन्हा लाल होऊन ठसठसायची. मग बोटांचे सांधे सुजले. बारामतीच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक निघाली. रक्ताच्या तपासणीत अंगातली सूज मात्र दिसत होती. त्यांनी कमलला विचारलं, "रात्री झोप कशी लागते?" तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी म्हणालो, "झोपते की. चांगली झोपते."

खरं सांगितलं असतं, तर ते टोक माझ्या मनगटाला आलं असतं. आई तर माझीच होती... डॉक्टर मग दुसरी कारणं शोधत राहिले. परतताना एसटीत कमल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी चांगली झोपते व्हय मी? मला ठावंच न्हवतं."

बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. झोपेत शरीर जंतूंशी लढायचं बळ गोळा करतं, जखमा भरून काढतं. झोप रोज मोडत राहिली, की अंगातली सूज विझत नाही, धुमसत राहते. कमलचा संधिवात नेमका कशानं झाला, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांच्या त्या एका वाक्याच्या आडोशाला मी आजवर बसून राहिलो. लोक 'नाजूक' म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो.

आई गेली, नाडी सुटली, पण कमलची झोप परत आली नाही. पलंगावर ती दाराकडच्या कडेला, एक पाय खाली फरशीवर टेकवून पडायची. "आता कुणासाठी उठायचंय?" मी विचारायचो. "पाय ऐकत न्हाय," म्हणायची. शेवटपर्यंत तशीच पडायची... ती कड आता मोकळी आहे. तिथं गादी अजून दबलेली आहे. मी भिंतीकडंच झोपतो. आणि मला झोप लागते.