शनिवारचं शिळं पाणी

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर कशाला-मावशी राहायच्या. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या आणि ताठ. त्यांच्याकडे काहीही मागायला जा, वस्तू मिळायची, पण आधी "कशाला?" हा प्रश्न यायचा. मी एकदा दोरी मागायला गेले आणि उत्तर देता देता कळलं की मला कात्री हवी होती. असल्या फजित्यांचा सूड म्हणून आम्ही पोरांनीच त्यांना हे नाव ठेवलं.

पण कुणी त्यांना कंजूष म्हणालं तर मी भांडेन. त्यांचा चहा निव्वळ दुधाचा. "सगळं वापरायलाच असतं गं, ओतून द्यायला नसतं," असं म्हणत त्या शिऱ्यात आणखी एक चमचा तूप सोडायच्या.

दर शुक्रवारी आमच्याकडे पाणी बंद. गुरुवारी घरोघरी पिंपं, कळश्या, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवायचे आणि शुक्रवारी दुपारीच गच्चीवरची टाकी कोरडी व्हायची. शनिवारी संध्याकाळी पाणी आलं, की उरलेलं 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. माझी आई या कामात सगळ्यांच्या पुढे. अशात ताईचा साखरपुडा घरीच ठरला, तोही पुढच्याच शनिवारी सकाळी. चाळीस माणसं येणार, नळ कोरडा आणि टँकरवाला नक्की काही सांगेना. आईची झोप उडाली.

साखरपुड्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी पाणी आलं, तेव्हा मावशींनी आईला आणि मला बिल्डिंगीच्या मागे नेलं. सगळ्या मोऱ्यांच्या पाइपांतून स्वच्छ पाणी गटारात पडत होतं.

"बघा वहिनी, तुमचं शुक्रवारचं पाणी चाललंय."

"पण ते शिळं असतं हो," आई म्हणाली.

"टाकीत दोन दिवस राहिलं तर ताजं, आणि तुमच्या पिंपात आलं की शिळं? पाणी म्हणजे काय पोळी आहे?"

 गुरुवारी मावशींबरोबर दारोदार हिंडायला तीच पुढे झाली. 'लागेल तेवढंच भरा, बाकीचं टाकीत राहू द्या,' एवढंच सांगायचं होतं. सेक्रेटरी वैतागले, "मावशी, आमच्या पिंपात तुम्ही कशाला डोकावता?"

"तुम्ही शनिवारी जेवायला आहात म्हणून. हात कुठे धुणार?"

शनिवारी सकाळी आईने देवाचं नाव घेऊन नळ सोडला. धो धो पाणी! पाहुणे जेवले, हात धुतले, भांडीसुद्धा घासून झाली. सेक्रेटरी स्वतः गच्चीवर चढले आणि वरूनच ओरडले, "अहो, टाकीत अजून वीतभर पाणी आहे!" जिना टाळ्यांनी दणाणला. मला तर रडूच आलं. आईने मावशींच्या पानात तिसरी जिलबी वाढली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी 'कशाला' विचारलं नाही.

पुढे गुडघे थकले म्हणून मावशी शहाडला भाचीकडे राहायला गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप दिसलं की अजूनही चुकल्यासारखं वाटतं. गेल्या शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम बिल्डिंगीच्या मागे जाऊन आले आणि त्यांना फोन लावला. "मावशी, पाणी आलंय आणि गटार कोरडं आहे."

"मग? एवढ्यासाठी फोन कशाला केलास?"

मला हसू आलं. 

"बरं," त्या म्हणाल्या, "परत एकदा सांग."